शिल्लक नाव

ओजस म्हणाला, मावशी, आधी नाव सांग,
नावाशिवाय साइट उभी राहत नाही.
मी म्हटलं, दगडफूल. दुसरं काय असणार?
त्याने टाइप केलं.
गेलेलं.
कुणा मसालेवाल्याने घेतलंय,
शंभर ग्रॅमची पाकिटं, घरपोच.

त्याचीही चूक नाही.
दगडफूल म्हटलं की लोकांना आमटी आठवते,
झाडाच्या सालीकडे कोण बघतं.
आम्ही तिघं बघतो.
रविवारी सकाळी, पारसिकच्या टेकडीवर,
आंब्याच्या खोडाला जवळजवळ नाक टेकवून:
मी, घणसोलीच्या झैनब मुकादम,
आणि ऐरोलीचे धर्मा मढवी, ज्यांच्याकडे भिंग सगळ्यात मोठं.
एकदा वॉचमनने विचारलं, काही हरवलंय का?
झैनबबाई म्हणाल्या, हो,
आणि पदराने भिंग पुसत राहिल्या.

शैवाक शिल्लक होतं.
शुद्ध शब्द, कोशातला.
मढवी म्हणाले, हे तर औषध वाटतंय,
जेवणानंतर दोनदा.

झैनबबाईंनी सहवास सुचवलं.
कारण ही काही एक वनस्पती नव्हे:
बुरशी भिंती घालते, शेवाळ चूल सांभाळतं,
सातबारा दोघांच्या नावावर.
तेही गेलेलं. वधूवर मंडळ.

नावंसुद्धा इथे प्लॉटसारखी,
कुणीतरी आधीच कुंपण घालून गेलेलं,
आत गवत वाढतंय, मालक दुबईला.
मढवी हसले.
माझी जमीन गेली तेव्हा साडेबारा टक्के तरी परत दिले,
नाव गेल्यावर किती देतात?
ओजस नेरूळच्या चौदाव्या मजल्यावर वाढलाय.
त्याला कळलं नाही.
त्याने फक्त विचारलं, पुढचं?

मग मढवीच म्हणाले, जरा लाजत,
आई याला दगडाची खरूज म्हणायची.
बांधावरच्या कातळावर बसून ती कालवं फोडायची,
कातळभर राखाडी चट्टे,
मी नखाने उकरायला गेलो की ओरडायची,
हात नको लावू रं, खाजंल.

आम्ही गप्प.
झैनबबाईंनी चहाचा कप तोंडासमोर धरला.
ओजसने टाइप केलं.
शिल्लक.
अर्थातच शिल्लक, वर्षाला आठशे रुपये,
खरूज कोणाला हवी असते?
घेऊन टाक, मी म्हटलं.
खाली माझाच फोन नंबर दिला.

तिसऱ्या दिवशी पहिला फोन आला, तळोज्याहून.
मॅडम, बोटांच्या बेचक्यांत आहे,
रात्री जास्त,
आता पोरांनाही झालीय.
राँग नंबर म्हणणार होते,
पण तो माणूस बरेच दिवस झोपला नव्हता, ऐकू येत होतं.
म्हणून म्हटलं, अहो, आधी डॉक्टरांना दाखवा,
पूर्वी याच्यावर गंधकाचं मलम देत,

आणि तिथेच अडले.

एकतीस वर्षं मी तुर्भ्याला होते,
रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत.
चिमणीच्या धुराची वही माझ्याकडे.
गंधकाच्या रकान्यात मी रोज एकच शब्द लिहायचे:
मर्यादेत.
माझं अक्षर चांगलं होतं, साहेब कौतुक करायचे.
जेवणाच्या सुट्टीत आम्ही कुंपणाबाहेर दगडांवर बसायचो.
स्वच्छ दगड.
एक चट्टा नाही, एक ठिपका नाही,
साडीला काही लागायचं नाही.
मला वाटायचं, दगड असाच असतो.

हॅलो, तो म्हणत होता, हॅलो,
मॅडम, ऐकू येतंय ना?
किती दिवस लावलं
की पूर्ण जाते?